मुलीचा खुलासा

माझ्या मुलीला तिच्या कार्यालयातून कारणे दाखवा नोटीस आली आणि नोकरी जायची वेळ आली, त्यात माझाही हात होता. हे आधी सांगून टाकते. पुढे मी इतरांबद्दल बरंच बोलणार आहे, तेव्हा स्वतःचं आधी.

मी सत्तरी ओलांडलेली बाई. येरवड्यात वाढले, चौथी पास झाले आणि वारज्यात सव्वीस वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवलं. गुडघे नाही म्हणाले तेव्हा बंद केलं. मुलगी त्रेचाळीस वर्षांची, सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हा विषय आमच्या घरात संपलेला आहे. आम्ही दोघी वारज्यालाच दोन खोल्यांत राहतो.

मुलीला एडीएचडी आहे. हे नाव मला आता न अडखळता घेता येतं. लोकांना वाटतं, म्हणजे हिचं लक्ष लागत नाही. तसं नाही. लक्ष भरपूर असतं, पण ते तिच्या सांगण्यात नसतं. एखाद्या कामात शिरली की जेवणाची शुद्ध राहत नाही, आणि दहा मिनिटांचं एखादं काम दहा महिने होत नाही. काम येत नाही असं नाही. सुरू करता येत नाही. लोक म्हणतात, आळस. आळशी माणूस मजेत असतो. माझी मुलगी न केलेलं काम रोज उशाशी घेऊन झोपते.

दोन वर्षांपूर्वी ती आपणहून सदाशिव पेठेतल्या एका डॉक्टरकडे गेली. मला सांगितलं नाही. दुसऱ्या खेपेला मात्र सांगावं लागलं, कारण डॉक्टरला तिचं लहानपण विचारायचं होतं आणि ते माझ्याकडे होतं.

डॉक्टर म्हणजे तिशीतली मुलगी. मला वाटलं, हिला कोण काय सांगणार. पण प्रश्न नीट विचारत होती.

"आजी, ही शाळेत वर्गात बसायची का?"

"बसायची. पण तिथे नसायची."

"म्हणजे?"

"म्हणजे बाकावर दप्तर आणि ही. डोकं खिडकीबाहेर."

डॉक्टरने जुनी प्रगतिपुस्तकं आहेत का विचारलं. होती. मी कागद फेकत नाही, सापडत मात्र नाहीत. त्या वेळी सापडली. पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येक वर्षी शेरा एकच, अक्षर तेवढं वेगळं: हुशार आहे, पण लक्ष देत नाही. सात वर्षं सात बाईंनी आजार लिहून पाठवला होता आणि मी दर वर्षी खाली सही करून परत पाठवला. वर पाठीत दोन धपाटेही दिले. ते तेव्हा सगळेच देत. म्हणून ते बरोबर होतं असं मी म्हणणार नाही.

मग डॉक्टरने सांगितलं, हे पुष्कळदा घरातून येतं, आई-वडिलांपैकी कोणाला असं काही होतं का. मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे.

माझ्या पोळी-भाजी केंद्रातल्या कपाटांना दारं नव्हती. मीच काढून टाकली होती. डाळ, तिखट, मीठ, सगळं डोळ्यांसमोर उघडं. दारामागे गेलेली वस्तू माझ्यासाठी मेलेली. गिऱ्हाइकांचे डबे मी पाटीवर खडूने लिहायचे आणि पाटी चुलीच्या वर टांगायचे. आणि सकाळी कणकेला हात घालायचा तर शेजारी कोणीतरी बसलेलं लागायचं. शेजारची एक म्हातारी यायची, लसूण सोलत बसायची. मदत काही नाही, नुसती सोबत. ती आजारी पडली की माझ्या पोळ्या उशिरा. लोक म्हणायचे, बाई विक्षिप्त आहे. मीही तेच म्हणायचे.

"आजी, तुमचीही तपासणी करायची का?" डॉक्टरने विचारलं.

"नको. माझ्या परीक्षा चौथीतच संपल्या."

डॉक्टर हसली. मुलगी हसली नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, तुला मारायचे का गं शाळेत?" मी म्हटलं, "नाव काढून घेतलं, मग कोण मारणार?" आमच्या घरात शिक्षण म्हणजे देवाच्या जागी. देव नव्हतेच, दोन तसबिरी होत्या आणि शिक्षण होतं. तीन भावंडं शिकली, सरकारी नोकऱ्यांत गेली. मी तेवढी ढ निघाले. वडील मला कधी टाकून बोलले नाहीत. पाहुणे आले आणि मुलं काय करतात असं विचारलं, की माझ्या नावापाशी येऊन गप्प व्हायचे.

मुलीला गोळी सुरू झाली. ती गोळी मिळायची मारामार. दुकानदार चिठ्ठी तीनदा उलटून बघतो, मग हिला वरपासून खालपर्यंत बघतो. एकदा मीच आणायला गेले. तो म्हणाला, "आजी, कोणासाठी?" मी म्हटलं, "चिठ्ठीवर लिहिलंय. तुम्हाला वाचता येत नसेल तर मी वाचून दाखवते." गोळीने फरक पडला, पण गोळी काही खुलासे लिहून देत नाही.

खरा आधार दुसरा मिळाला. सदाशिव पेठेतच स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. तिथे हीच अडचण असलेली दहा-पंधरा मोठी माणसं जमतात. डॉक्टरनेच पत्ता दिला. मला वाटलं, गोल करून बसतील, रडतील, टाळ्या वाजवतील. तसं काही नाही. प्रत्येकजण आपलं रखडलेलं काम घेऊन येतो. आल्यावर सांगायचं, मी आज हे करणार. मग दोन तास आपापलं काम करायचं. कोणी कोणाला शिकवायचं नाही. एकच नियम भिंतीवर लावलाय: "त्यात काय एवढं" असं म्हणायचं नाही.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्याशेजारी पन्नाशीचा एक रिक्षावाला होता. परवान्याचा अर्ज घेऊन आलेला. म्हणाला, "मावशी, तुम्ही काय करणार आज?"

"मी लेकीबरोबर आलेय. मी मेथी निवडणार."

"निवडा. कोणीतरी हात चालवणारं बाजूला असलं की माझापण चालतो."

पलीकडे आयटीतली एक पोरगी लॅपटॉप उघडून बसलेली. तिने वर न बघता सांगितलं, "आजी, ह्याला बॉडी डबलिंग म्हणतात. इट रिअली वर्क्स."

मी म्हटलं, "बाळ, ह्याला सोबत म्हणतात. पापड लाटायला बायका काय म्हणून एकत्र बसतात?"

रिक्षावाल्याची आणखी एक युक्ती होती. घरातले सगळे महत्त्वाचे कागद तो दोरीवर चिमटे लावून टांगतो. फाइलमध्ये गेलेला कागद परत येत नाही म्हणाला. मला ते लगेच पटलं. मुलीने आमच्या पुढच्या खोलीत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधली. लाइटचं बिल, डॉक्टरची तारीख, ऑफिसचे कागद, सगळे चिमट्याला. तातडीच्याला लाल चिमटा. खोलीत कपडे वाळत घातल्यासारखे कागद. पण दीड वर्षात एक बिल चुकलं नाही.

ऑफिसात मात्र दोरी बांधता येत नाही. तिथे दारालगत टेबल, येणारा-जाणारा प्रत्येकजण हिला काहीतरी सांगून जातो, साहेब चालता चालता तोंडी चार कामं टाकतात. तशात एका शिक्षिकेचा बदलीचा अर्ज हिच्या टेबलावर आठ महिने राहिला. मुदत गेली. ती बाई आजारी आईला सोडून आणखी एक वर्ष लांबच्या तालुक्यात अडकली. तिने तक्रार केली. बरोबर केली. मीही केली असती.

दोन मेमो आधीच झालेले होते. आता नोटीस. मुलीने मोठ्याने वाचून दाखवली: दहा दिवसांत खुलासा सादर करावा, मुदतीत न आल्यास आपणास काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून कारवाई करण्यात येईल. कारवाई म्हणजे निलंबन, हे ऑफिसात शिपायापासून सगळे बोलत होते. वीस वर्षांची नोकरी आणि घरात तेवढाच पगार. शुक्रवारी नोटीस आली, पुढच्याच्या पुढच्या सोमवारी मुदत संपत होती. तिने लाल चिमट्याने ती दोरीच्या मधोमध लावली.

आणि मी काय केलं? रविवारी सकाळी ती सदाशिव पेठेत गेली. माझे गुडघे दुखत होते म्हणून मी घरी. संध्याकाळी माझा थोरला भाऊ येणार होता. तो मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला, टापटिपीचा माणूस. मागच्या खेपेला दोरीखालून वाकून आत येताना म्हणाला होता, "हे घर आहे की धोबीघाट?" ते मला लागलं होतं. मी सगळे कागद काढले, एका फायलीत घातले, दोरी सोडली, फाइल लोखंडी कपाटात ठेवली. भिंत पुसली. फार छान वाटलं. सव्वीस वर्षं दारं काढलेल्या कपाटांसमोर उभी राहिलेली बाई मी, आणि भावाच्या एका वाक्यासाठी लेकीचा जीव दाराआड बंद करून किल्ली फिरवली.

भाऊ त्या दिवशी आलाच नाही. पुढच्या शनिवारवर गेलं. मुलगी दुपारी घरी आली, भिंत बघून म्हणाली, "मोकळं वाटतंय गं." मोकळंच वाटणार. डोळ्यांसमोरून गेलं म्हणजे डोक्यातून गेलं. आणि गंमत म्हणजे मीही विसरले. एकाच घरात दोघी तशाच, मग आठवण कोण करणार?

शनिवारी भाऊ आला. चहा घेतला, स्वच्छ भिंतीकडे समाधानाने पाहिलं आणि भाचीला विचारलं, "खुलासा दिलास ना?"

ती पटकन उठली. भिंतीपाशी गेली. भिंत रिकामी. तिचा हात चिमट्याच्या उंचीला तसाच राहिला. त्या क्षणी तिचं तोंड जसं झालं, ते मी सांगणार नाही.

"आई, दोरी कुठाय?"

मी कपाट उघडलं. फाइल काढून दिली. "मी आवरलं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खाली बसली. भाऊ म्हणाला, "शांत व्हा. परवापर्यंत मुदत आहे. मी मसुदा करून आणलाय." खिशातून घडी केलेला कागद काढला. आयुष्यभर त्याने हेच केलं, मसुदे. त्याने वाचला. भाषा एकदम गुळगुळीत. कामाचा व्याप, नजरचूक, दिलगिरी. आणि मध्ये एक ओळ: सदर अर्ज शिपायाकडून विलंबाने प्राप्त झाल्याने.

"हे खरंय का?" मी मुलीला विचारलं.

"नाही. अर्ज वेळेत आला होता."

"मग दादा, हे काय आहे?"

"अगं, असं लिहायची पद्धत असते. शिपायाला कोणी काढत नाही. दोन शब्द ऐकून घेतो, संपतं."

"आपले वडील काय होते रे?"

आमचे वडील एका कचेरीत शिपाई होते. साहेबांच्या किती चुका त्यांच्या नावावर चढल्या, ते आम्ही दोघांनी घरी ऐकलेलं. त्यांनी दोन शब्द ऐकून घेतले की घरात तीन दिवस कोणी बोलत नसे.

मुलगी हळूच म्हणाली, "मामा, मी खरं लिहू का? डॉक्टरांचं प्रमाणपत्र आहे माझ्याकडे. आजार लिहिते, चूक कबूल करते, आणि मला काय सोय लागते ते मागते. लेखी सूचना हव्यात, आणि टेबल दारापासून लांब."

भाऊ चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. खाली बघून बोलला. "तुला माहितीये, आपल्याबद्दल काय बोलतात ते? कोट्यातून आले, काम येत नाही. मी पस्तीस वर्षं दुप्पट काम केलं, एक फाइल रेंगाळू दिली नाही, का? कोणाला बोलायला जागा मिळू नये म्हणून. आणि तू लेखी देणार की माझं डोकं बरोबर नाही? तुझ्या एकटीचं नाही बाळ हे. सगळ्यांवर येतं."

हे खोटं नव्हतं. मी स्वतः पोळ्या देताना ऐकलंय, दारातच. म्हणून मला त्याचा राग आला नाही. पण पटलंही नाही.

"दादा, तू पस्तीस वर्षं दुप्पट काम केलंस. तुला झेपलं. हिला निम्मं करायलाच दुप्पट लागतं. मग हिने चौपट करायचं, कोणी बोलू नये म्हणून? लोक काय, बोलणारच. तू एक फाइल राहू दिली नाहीस, तेव्हा थांबले का बोलायचे?"

"तुला कळत नाही. तू ऑफिस पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं. पण दर पौर्णिमेला विहारात तू मोठ्या आवाजात पंचशील म्हणतोस. खोटं बोलणार नाही, ते कितवं आहे रे त्यात?"

त्याने कागदाची घडी केली, पण खिशात घातली नाही. टेबलावर ठेवली. "ठरव तू," भाचीला म्हणाला. "उद्या पश्चात्ताप नको." आणि गेला. जाताना वाकायला दोरी नव्हती.

मी मुलीला म्हटलं, "मी बोलले ते माझं. नोकरी तुझी आहे. मामाचा कागद दिलास तर मी एक शब्द काढणार नाही." हे म्हणायला मला जड गेलं. पण मी आधीच एकदा तिचं आवरून बसले होते.

रविवारी आम्ही दोघी सदाशिव पेठेत गेलो. गुडघे दुखत होते, दुखू दे म्हटलं. तिने वर्गात सांगितलं, "मी आज खुलासा लिहिणार. उद्या शेवटचा दिवस आहे." कोणी अरे बापरे म्हटलं नाही. रिक्षावाला म्हणाला, "ताई, माझ्या शेजारी बसा. माझा हात आज चांगला चाललाय." मी लसणीची पिशवी काढली आणि तिच्या दुसऱ्या बाजूला बसले.

अर्धा तास ती कोऱ्या कागदाकडे बघत होती. पर्स उघडली, बंद केली. पाणी प्यायली. उठून खिडकीपाशी गेली, परत आली. मी मान वर केली नाही. सोलत राहिले. मग पेन कागदावर लागल्याचा आवाज आला आणि थांबेना. पाऊण तासात सात पानं. पहिलीतल्या बाई, प्रगतिपुस्तकं, मी दिलेले धपाटे, सगळं.

रिक्षावाल्याने पानं हातात तोलून पाहिली, वाचली नाहीत. "ताई, साहेब एवढं वाचणार नाही. आम्ही आरटीओला एक पान देतो. ते पण उलटंच धरतात."

आयटीवाल्या पोरीने तिला विचारलं, "ताई, तुम्हाला ॲक्च्युअली काय सांगायचंय? तीन वाक्यांत?" मुलीने सांगितलं. पोरीने तिला तेच तीन वेळा बोलायला लावलं आणि बोलली तसं लिहून घ्यायला सांगितलं. एक पान झालं. मला वाचून दाखवलं. आजार, प्रमाणपत्र जोडले आहे, दोन विनंत्या. नेटकं होतं.

"आणि ती बाई?" मी विचारलं.

"कोण?"

"शिक्षिका. तिचं वर्ष गेलं. तुझा आजार पहिल्या ओळीत आणि ती कुठेच नाही?"

मुलीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"तुझ्या. म्हणूनच सांगतेय. आजारामुळे झालं हे खरं. झालं हेही खरं."

तिने नवा कागद घेतला. पहिली ओळ अशी झाली: माझ्यामुळे अर्जदार शिक्षिकेची बदलीची संधी गेली, याची जबाबदारी माझी आहे. बाकी त्याखाली.

सोमवारी मीही तिच्याबरोबर ऑफिसला गेले. लोकांनी हसायचं ते हसून घेतलं. त्रेचाळीस वर्षांची बाई आईला घेऊन आली. आवक विभागात बसलेला म्हणाला, "साहेब मीटिंगला आहेत, उद्या द्या." मुलगी उद्या हा शब्द ऐकून वळायला लागली. उद्या म्हटलं की तिचे पाय आपोआप वळतात. मी बाकावरून उठले नाही, नुसती खाकरले. ती परत फिरली. "मुदत आजची आहे. शिक्का आजचा द्या आणि पोच द्या." त्याने शिक्का मारला. इतक्या जोरात की टेबल हललं.

साहेब चारला आले. बोलावलं. मला बाहेर बसा म्हणाले, पण दार उघडंच होतं आणि माझे कान चांगले आहेत.

"अहो, हे काय लिहून आणलंत? प्रमाणपत्र कशाला जोडलंत? सेवापुस्तकात राहील कायमचं. मी चांगल्यासाठी सांगतोय. काढून घ्या हे, नजरचूक म्हणून दोन ओळी लिहा, मी मिटवतो."

मला वाटलं, आता हो म्हणेल. कोणीही म्हटलं असतं. माझ्या मनातही आलं, म्हण बाई हो.

"साहेब, अर्ज रोज दिसत होता. आठ महिने. नजर चुकली नाही. नजरचूक लिहिली तर पुढच्या वर्षी परत होईल, आणि तेव्हाही मी नजरचूकच लिहीन."

"म्हणजे तुम्हाला मिटवायचं नाही?"

"परत होऊ द्यायचं नाही."

साहेब म्हणाले, "आपली मर्जी." पुण्यात हे ज्या सुरात म्हणतात, त्या सुरात.

महिन्याने आदेश आला. निलंबन नाही. सक्त ताकीद, सेवापुस्तकात नोंद. टेबल हलवण्याची विनंती जागेअभावी अमान्य. आणि शेवटची ओळ: सदर कर्मचाऱ्यास कामाच्या सूचना शक्यतो लेखी द्याव्यात. शक्यतो. तेवढा शब्द सोडला तर आम्ही जिंकलो होतो. मी भावाला फोन केला. तो म्हणाला, "नोकरी राहिली, हे महत्त्वाचं." मी म्हटलं, "कशी राहिली, हेही." तो बरं म्हणाला. त्याचं मत बदललेलं नाही. माझंही नाही.

मुलीने त्या शिक्षिकेला फोन केला. ती बाई पंधरा मिनिटं बोलत होती, आणि जे बोलली ते सगळं खरं होतं. मुलीने फोन खाली ठेवला नाही, आजाराचं नावही काढलं नाही. यंदाचा अर्ज तुम्ही पाठवाल त्याच दिवशी पुढे जाईल, एवढं सांगितलं. तो गेलाही.

साहेब आता तिला चिठ्ठ्या देतात. आधी सगळ्या टोमण्याच्या. पहिल्या दिवशी शिपायाने आणून दिली: "मी जेवायला जात आहे, लेखी कळवले आहे." दुसऱ्या दिवशी: "पंखा बंद करावा, ही विनंती." अख्खं ऑफिस हसलं. मुलीने उठून पंखा बंद केला आणि चिठ्ठीवर वेळ टाकून ठेवून दिली. घरी येऊन मला दाखवली. तिला वाटलं मी साहेबांना शिव्या घालीन.

मी म्हटलं, "लिहू दे. हात बसतोय त्याचा."

आता तिसरा महिना आहे. टोमणे कमी झाले, कारण लिहायचे कष्ट पडतात. कामं तेवढी लिहून येतात. काल चार चिठ्ठ्या आल्या होत्या. चारही झाल्या.